काळवंडलेली वाटी

कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या रस्त्यांवरची रात्र बदलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत एक ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, अशी लांबलचक वरात अरुंद रस्त्याने कारखान्याकडे सरकत असते. हंगाम संपला तरी ट्रॅक्टरची रात्र संपत नाही. उन्हाच्या तडाख्यात नांगरट नको म्हणून एप्रिल-मे महिन्यांत लोक अंधार पडल्यावर नांगर जोडतात, पावसाचं सावट आलं की मळणी रात्रीतून उरकतात. यातले कितीतरी ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचे, काही त्याहूनही जुने. इंजिन ठणठणीत, लिफ्ट चालू, गिअर गुळगुळीत. पुढचे दोन दिवे मात्र असून नसल्यासारखे. काच काढून पाहावी तर आतली वाटी पिवळी पडलेली, ढगाळ किंवा पार काळवंडलेली.

रिफ्लेक्टर म्हटलं की ट्रॉलीच्या मागची लाल पट्टी डोळ्यापुढे येते. इथे विषय आहे तो दिव्याच्या आतल्या खोलगट आरशाचा, ज्याला मी वाटी म्हणतो आहे. ती काळी पडली की सल्ले भराभर मिळतात. चिंचेने घास, टूथपेस्ट लाव, चांदी रंग मार, क्रोम करून आण, सरळ एलईडी टाक. यातले काही सल्ले कुठल्या ना कुठल्या वाटीसाठी कधीतरी बरोबर होते. अडचण अशी झाली की वाट्या बदलल्या आणि सल्ले तेच राहिले. पितळेवर चांदीचा मुलामा दिलेल्या वाटीला जे मानवतं, त्यानेच अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेली वाटी दहा मिनिटांत कायमची वाया जाते. म्हणून आपल्या दिव्यात कोणती वाटी आहे हे ओळखल्याशिवाय तिला फडकं लावू नये, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. स्वस्तात काम होतं, पण ते घासण्याने क्वचितच होतं.

वाटी किती मोठं काम करते हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. एच-4 हॅलोजन बल्बमध्ये फुल लाईटची तार 60 वॅटची असते आणि डिपरची 55 वॅटची. फुल लाईटला तो साधारण 1650 ल्युमेन प्रकाश देतो. हा बल्ब उघडा टांगला तर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि कोणत्याही एका दिशेला जेमतेम 130 कँडेला तीव्रता मिळते. तोच बल्ब चांगल्या वाटीत बसवला की समोरच्या झोताची तीव्रता वीस हजार कँडेलाच्या घरात जाते, म्हणजे दीडशे पटीने वाढते. 50 मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर उघड्या बल्बचा जो प्रकाश पडेल तो पौर्णिमेच्या चांदण्याहून कमी असेल. वाटीतून आलेला प्रकाश तिथे 8 लक्स भरेल आणि त्यात माणूस, बैल, रस्त्यात पडलेली उसाची मोळी, सगळं स्पष्ट दिसेल.

ही करामत वाटीच्या आकारावर आणि गुळगुळीतपणावर उभी आहे. आकार अन्वस्ताचा असतो. त्याच्या नाभीवर बल्बची तार आली की तिथून निघालेला प्रकाश वाटीवर आपटून जवळजवळ समांतर रेषांत बाहेर पडतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी झोत फाकतो, म्हणून पोचा पडलेली वाटी किंवा होल्डरमध्ये हलणारा बल्ब कितीही चकाचक केला तरी उपयोग नाही. गुळगुळीतपणा इतका लागतो की प्रकाशाच्या लहरीला, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनला, पृष्ठभागावरचे खड्डे जाणवता कामा नयेत. डोळ्याला चमकणारी प्रत्येक गोष्ट या कसोटीला उतरत नाही. पुढचे बहुतेक घोटाळे यातूनच होतात.

पण वाटीकडे वळण्याआधी वायर पाहावी. सांगली जिल्ह्यातल्या एका गॅरेजमध्ये मी हे अगदी जवळून पाहिलं. ट्रॅक्टरमालक वाट्या बदलून घ्यायला आला होता. मिस्त्रीने आधी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर 13.8 व्होल्ट होते. मग दिवे लावून त्याने बल्बमागच्या सॉकेटमध्ये पिना टेकवल्या, तर आकडा आला 10.9. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गळत होते. काही जुनाट स्विचमध्ये, काही पिळून टेप मारलेल्या जोडण्यांत, आणि बरेचसे गंजलेल्या ब्रॅकेटमधून जाणाऱ्या अर्थिंगमध्ये. मिस्त्रीने वायरचा एक जाड तुकडा घेऊन एक टोक दिव्याच्या पत्र्याला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला नुसतं धरलं. समोरच्या भिंतीवरचा पिवळट डाग जागच्या जागी उजळला. वाटीला अजून कोणी हातही लावला नव्हता.

यामागचं गणित सोपं आहे. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. जो बल्ब 13.2 व्होल्टवर पूर्ण प्रकाश देतो, तो 10.9 व्होल्टवर निम्माच देतो. नवीकोरी वाटी आणून बसवली तरी हा निम्मा प्रकाश परत येत नाही. दोन रिले, 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, एक फ्यूज आणि दोन्ही दिव्यांपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र अर्थ, एवढ्यावर हे काम होतं आणि या संपूर्ण विषयात पैशाला सर्वांत जास्त प्रकाश इथेच मिळतो. मात्र डायनामोचा अंदाज घ्यायला हवा. बऱ्याच जुन्या डायनामोंची ताकद अकरा अँपिअरच्या आसपास असते आणि 60 वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर खातात. अशा ट्रॅक्टरला 100 वॅटचे बल्ब घातले तर बॅटरी बसते, आणि वाढलेल्या उष्णतेने वाटीवरचं लॅकर भाजून पिवळं पडतं. कितीतरी वाट्या काळाने खराब झालेल्या नसतात, अशा जादा वॅटच्या बल्बने भाजलेल्या असतात.

काचही एकदा बघून घ्यावी. ट्रॅक्टरची जुनी काच खऱ्या काचेची असते. ती कोमट पाण्याने आणि साबणाने आतून-बाहेरून धुतली की काम संपतं. टूथपेस्टचा सल्ला मोटारींच्या प्लास्टिक काचेसाठी निघाला. तो इकडे आणण्याचं कारण नाही, आणि वाटीच्या जवळ तर टूथपेस्ट अजिबात नेऊ नये.

आता वाटी. जुन्या काळच्या दिव्यांत, विशेषतः परदेशातून आलेल्या यंत्रांच्या दिव्यांत, ती पितळेची असे आणि तिच्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवलेला असे. चांदी दृश्य प्रकाश 95 टक्क्यांच्या आसपास परत फेकते. तिच्याइतका चांगला धातू या कामाला दुसरा नाही. पण हवेत हायड्रोजन सल्फाइड किंचित जरी असला तरी ती काळवंडते. तिच्यावर चांदीच्या सल्फाइडचा थर धरतो, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. गोठ्याला लागून उभा केलेला ट्रॅक्टर, शेजारी शेणाचा खड्डा, बायोगॅसची टाकी किंवा मळीचा तलाव असेल तर हे काम जोरात चालतं. पुढे उद्योगाने चांदी सोडली. पोलादी पत्र्याची वाटी दाबून काढायची, तिच्यावर लॅकरचा गुळगुळीत थर भाजून बसवायचा आणि त्यावर निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ जमवायची, ही पद्धत रूढ झाली. अ‍ॅल्युमिनियम 90 टक्क्यांच्या जवळपास प्रकाश परत फेकतो आणि गोठ्यातल्या सल्फाइडला तो दाद देत नाही. त्याचे शत्रू वेगळे आहेत. खताची धूळ, फवारणीचं पाणी, कोकण-गोव्यातली खारी हवा आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे फाटलेल्या रबरातून आत शिरणारा ओलावा. पाणी लॅकरखाली शिरतं, पत्रा गंजतो आणि गंज वरच्या चमकदार थराला फोड आणतो.

ओळखायला लोहचुंबक पुरतो. वाटीच्या मागच्या बाजूला तो चिकटला तर पत्रा पोलादी आहे आणि वरचा थर जवळजवळ नक्की अ‍ॅल्युमिनियमचा. चिकटला नाही आणि काठाशी, जिथे रिंग बसते तिथे, पिवळं पितळ डोकावत असेल तर वाटी चांदीच्या मुलाम्याची. काळेपणाची तऱ्हाही सांगून जाते. चांदीचा डाग एकसारखा, सावलीसारखा पसरलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमची वाटी धुरकट, पांढुरकी होते, तिला पापुद्रे सुटतात, गंजाचे ठिपके दिसतात. अलीकडच्या वाट्या प्लास्टिकच्या असतात. त्यांच्यावरचा थरही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो, फक्त थिनर लागला तर खालचं प्लास्टिकही विरघळू शकतं.

चांदीची वाटी नशिबाने हाती आली असेल तर ती घरी परत आणता येते. तिच्यावर जुनं लॅकर असेल तर ते आधी काढावं लागतं. मग पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून त्यावर वाटी अशी ठेवायची की दोन्हींचा स्पर्श राहील, वरून कडकडीत पाणी आणि त्यात चमचा-दोन चमचे खाण्याचा सोडा. फॉइलमधला अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजतो आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा चांदी होऊन जागेवरच राहते. घासून काळेपणा काढताना चांदीही निघून जाते, तसं इथे होत नाही. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागला की समजावं, गंधक सुटतो आहे. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून, उरलेले डाग सराफाकडच्या रुज या पॉलिशच्या पावडरीने आणि मऊ कापसाने, मधून काठाकडे सरळ हात चालवत, अगदी हलके पुसावेत. चिंच आणि भांडी घासायची पावडर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी राहू द्यावी. मुलामा काही मायक्रॉनचाच असतो आणि चार दिवाळ्यांत तो घासून संपतो.

मुलामाच उडाला असेल तर पुन्हा चढवता येतो, आणि तो वाटतो तितका महाग पडत नाही. सात इंची वाटीचं आतलं क्षेत्रफळ साधारण 350 चौरस सेंटिमीटर असतं. त्यावर पाच मायक्रॉन चांदी चढवायची तर धातू लागतो दोन ग्रॅमच्या आत. उरलेला खर्च मजुरीचा आणि पॉलिशचा. कोल्हापूरजवळचं हुपरी चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि उसाच्या पट्ट्यातच आहे. जिथे चांदीचं काम चालतं तिथे मुलामा देणारेही सापडतात. चढवण्याआधी पितळ आरशासारखं घोटून घ्यायला सांगावं, कारण चांदी खालचा ओरखडा झाकत नाही. हे काम घरी करायचं मनातही आणू नये. चांदीच्या मुलाम्याच्या पाण्यात सायनाइड असतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीची गोष्ट निराळी. तिचा चमकदार थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतका जाड असतो, म्हणजे एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक. हाताने जाणवावं असं तिथे काही नसतंच. कोरड्या फडक्याच्या एका फटक्यात त्यावर दिसेल असा ओरखडा उठतो, दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला खालचं तपकिरी लॅकर उघडं पडतं. पॉलिश लावणाऱ्याला वाटतं मळ निघतो आहे. फडक्यावर आलेला तो काळसर डाग हीच त्या वाटीची चमक असते.

या थराशी कसं वागावं हे दुर्बिणीवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे, कारण हा थर आधी त्यांचा आहे. अमेरिकेतल्या माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीच्या आरशावर आधी चांदी होती. 1935 मध्ये त्यावर अ‍ॅल्युमिनियम बसवण्यात आला आणि ते तंत्र जॉन स्ट्राँग यांनी पक्कं केलं होतं. आयुका या खगोलशास्त्र संस्थेची पुणे जिल्ह्यात गिरवलीला 2 मीटरची दुर्बीण आहे, तिच्यासारख्या दुर्बिणींचे आरसे काचेचे असतात आणि चमक या पातळ थराची. खगोलशास्त्रज्ञ हा थर कधी पॉलिश करत नाहीत. धूळ उडवतात, फार झालं तर न घासता धुतात, आणि थर खरोखर गेला की तो रसायनाने संपूर्ण विरघळवून नवा बसवतात. विरघळवायला जी रसायनं वापरतात त्यात कॉस्टिक सोडा आहे. अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खाते. आपल्याकडे कपड्याच्या पावडरीच्या गरम पाण्यात वाटी भिजत घालणारे लोक आहेत. त्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, म्हणजे दुर्बिणीवाले जुना थर काढायला जे करतात त्याचीच सौम्य आवृत्ती हे लोक थर वाचवण्यासाठी करतात. चांदीसाठी सांगितलेला फॉइल-सोड्याचा उपायही इथे तेवढाच घातक.

मग अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला काहीच करू नये का? थर शाबूत असेल आणि वर नुसती धूळ किंवा तेलकट धूर बसला असेल, तर पुष्कळ करता येतं. बल्ब आणि रबर काढावं. रबरी फुग्याने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे डाग होऊन बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही गॅरेजात मिळतं. ते कोमट करून त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचा एखादा थेंब टाकावा, वाटीत ओतून हलक्या हाताने घोळवावं, ओतून द्यावं, पुन्हा करावं. फारच चिकट डाग असेल तर त्याच पाण्यात भिजलेला कापूस नुसत्या स्वतःच्या वजनाने त्यावरून ओढावा, बोट दाबू नये. शेवटी शुद्ध डिस्टिल्ड वॉटरने विसळून वाटी पालथी घालून सावलीत वाळवावी. सावलीत, कारण ही वाटी उन्हाकडे तोंड करून ठेवली तर ती सूर्य नाभीवर गोळा करते. तिथे बोट, चिंधी किंवा वाळलेलं पाचट आलं तर भाजल्याशिवाय आणि पेटल्याशिवाय राहत नाही.

थर गेलाच असेल, तर जे उपाय सुचवले जातात त्यांतले बहुतेक आकड्यांच्या कसोटीवर पडतात. सर्वांत लाडका उपाय चांदी रंगाचा. डबा उघडला की रंग छान चमकतो, वाटीला लावला की दिवसा ती नवी दिसते. पण रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे कण वेड्यावाकड्या दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि प्रकाश सगळीकडे उधळतात. वाटी अशी उधळू लागली की वीस हजार कँडेलाचा झोत काही शेकड्यांवर येतो. जवळची माती उजळते, म्हणून ट्रॅक्टरवर बसलेल्याला बरं वाटतं. 50 मीटरवरचा सायकलवाला मात्र त्याला दिसत नाही. डब्यातला ‘क्रोम’ स्प्रे यापेक्षा थोडा बरा, पण हॅलोजनच्या उष्णतेत तोही पिवळा पडतो. फॉइल किंवा चमकता चिकट कागद आतून चिकटवणाऱ्यांना भूमिती आडवी येते. दोन्ही दिशांना वळलेल्या पृष्ठभागावर सपाट कागद सुरकुती न पडता बसूच शकत नाही, आणि प्रत्येक सुरकुती झोताचा एक तुकडा भलतीकडे फेकते. मिठाईवरचा वर्ख चिकटवण्याची कल्पना ऐकायला सुंदर आहे. वर्खाला तडे असतात, चुण्या असतात, आणि बाजारात चांदीच्या नावाखाली अ‍ॅल्युमिनियमचा वर्खही खपतो. कल्हईचंही तसंच. भांड्याला ती उत्तम, पण कापसाने फिरवलेलं कथील आरशाइतकं गुळगुळीत होत नाही.

क्रोमचा विचार जरा गंभीरपणे करावा लागतो, कारण प्लेटिंगची दुकानं तालुक्याच्या गावापर्यंत आहेत आणि क्रोम वर्षानुवर्षं टिकतो, पुसला तरी चालतो. पण क्रोम प्रकाश परत फेकतो तो 65 टक्क्यांच्या आसपास. 90 टक्क्यांच्या वाटीच्या तुलनेत चौथ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश पहिल्याच दिवशी गेला. खराब, गंजलेल्या वाटीपेक्षा क्रोमची वाटी बरीच बरी, यात शंका नाही, कारण ती निदान झोत तरी बांधते. रस्त्यावर न जाता फक्त शेतात राबणाऱ्या ट्रॅक्टरला मी ती चालवून घेईन. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला नाही.

चांदीच्या क्षारातून आरसा करण्याची जुनी रासायनिक पद्धत, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज, आता स्प्रेच्या रूपात सजावटीच्या कामाला वापरतात. गुळगुळीत लॅकरवर ती नीट साधली तर खरा आरसा तयार होतो. पण चांदीवर संरक्षक लॅकर लागतंच, ते उष्णतेला टिकणारं हवं, आणि तरीही गोठ्याची हवा कधी ना कधी आत शिरते. प्रयोगशील तरुण शिक्षक-विद्यार्थ्यांना हा उपाय भुरळ घालतो म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अमोनिया घातलेलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण उद्यासाठी ठेवायचं नसतं. ठेवल्यावर त्यात स्फोटक संयुग तयार होतं आणि नुसत्या हलवण्यानेही ते उडू शकतं. लागेल तेवढंच करावं, काम झालं की त्याच वेळी आम्ल घालून निकामी करून टाकावं. शाळेतल्या परीक्षानळीत जो खेळ वाटतो तो सात इंची वाटीसाठी करताना द्रावण किती तरी पट वाढतं.

खरा इलाज कारखान्याने केला तोच आहे, व्हॅक्युम मेटलायझिंग. वाटीवरचं जुनं सगळं काढतात, गंज साफ करतात, लॅकरचा नवा थर देऊन भट्टीत भाजतात. हा थर स्वतः वाहून सपाट होतो आणि पत्र्यावरचे बारीक ओरखडे बुजवतो, म्हणून चमकेचा अर्धा जीव त्यातच असतो. मग बंद पेटीतली हवा काढून टंग्स्टनच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे तापवतात. त्याची वाफ सरळ रेषेत उडून वाट्यांवर बसते. ते काही क्षणांचंच काम असतं. वरून पारदर्शक संरक्षक थर. बाटल्यांची झाकणं, ट्रॉफी, खेळणी, नळाच्या प्लास्टिक मुठी यांना चमक देणारे जॉबवर्कवाले हेच करतात, आणि पुण्या-मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यांत शोधले तर मिळतात. अडचण एवढीच की एका-दोन वाट्यांसाठी पेटी चालवणं त्यांना परवडत नाही. पेटीत एका वेळी कितीतरी वस्तू मावतात आणि खर्च पेटीचा असतो. म्हणून हे काम एकट्याने करण्याचं नाही. मे-जूनमध्ये, हंगाम संपून ट्रॅक्टर दुरुस्तीला लागलेले असतात तेव्हा, साखर कारखान्याच्या वाहतूक विभागाने किंवा गावच्या सोसायटीने शंभर-दीडशे वाट्या गोळा करून एकदम पाठवल्या तर प्रत्येकी येणारा खर्च आवाक्यात येईल. ट्रॉल्यांना मागून चमकत्या पट्ट्या लावायची मोहीम कारखाने घेतात, ती घ्यायलाच हवी. तिला पुढच्या दिव्यांची जोड का नाही, हे मला कळत नाही. पट्टीमुळे मागचा गाडीवाला वाचतो. समोरून येणारा आणि रस्त्याच्या कडेने चालणारा वाचायचा तर वाटी उजळ हवी.

मेटलायझिंगपेक्षा नवा दिवा स्वस्त असेल तर तो घ्यावा, यात संकोच नको. सात इंची गोल दिवा जीपपासून बुलेटपर्यंत चालत आला आहे आणि प्रचलित ट्रॅक्टरांचे दिवेही स्पेअर पार्टच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतात. घेताना दुकानातच वाटी उजेडाकडे धरून बघावी. हलक्या मालात लॅकर संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत असतं आणि वाटीतलं आपलं प्रतिबिंब लाटांसारखं हलतं. तसा दिवा नवा असूनही जुन्याइतकाच वाईट. काच, वाटी आणि तार एकत्र कायमची बंद केलेला सीलबंद दिवा मिळाला तर उत्तम. त्यात हवा-पाणी शिरत नाही आणि वाटी काळवंडण्याचा प्रश्न उरत नाही, फक्त तार तुटली की सगळा दिवा बदलावा लागतो. जो ट्रॅक्टर आता कुठेही सुटे भाग मिळत नाहीत असा आहे, किंवा घरच्या माणसाची आठवण म्हणून जपायचा आहे, त्याच्यासाठीच मुलामा किंवा मेटलायझिंगचा खटाटोप सार्थ ठरतो.

एलईडी बल्ब जुन्या वाटीत टाकण्याबद्दल माझं मत कडक आहे. हॅलोजनची तार बारीक आणि नेमक्या जागी असते. डिपरच्या तारेखाली छोटी ढाल असते, ती वर जाणारा प्रकाश अडवते. एलईडीच्या चकत्या रुंद, दोन बाजूंना तोंड केलेल्या. वाटीने ज्या जागेसाठी आकार घेतला आहे ती जागा त्या पाळत नाहीत. प्रकाश खूप वाटतो, पण तो विस्कटलेला असतो आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्येही समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या दिव्याला मनाई आहे. खराब वाटीत तर एलईडी घालूनही झोत बनत नाही. वीज कमी लागते हा त्याचा खरा गुण आहे, आणि त्याचा फायदा शेतात घ्यावा. मडगार्डवर वेगळा एलईडी कामाचा दिवा, स्वतंत्र स्विचवर, रस्त्यावर आलं की बंद.

काम कुठल्याही मार्गाने झालं तरी ते टिकतं किंवा बिघडतं ते जोडणीत. रबराची रिंग नवी घालावी. सिलिकॉन लावायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल बंद दिव्यात कोंडून नव्या थरालाच खातं, म्हणून न्यूट्रल लिहिलेलं मागून घ्यावं. दिव्याच्या तळाला हवेचं बारीक छिद्र असतं, ते गळती समजून बुजवू नये. बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल तापून तिथे काच फुटते. काचेवर जी बाजू वर म्हणून कोरलेली असते ती वरच ठेवावी, आणि परदेशी बनावटीचा दिवा आणला असेल तर तो डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीचा आहे ना हे पाहावं. नाहीतर डिपरचा उंचावलेला कोपरा समोरच्या गाडीकडे वळतो.

शेवटी झोत लावणं. सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर ट्रॅक्टर उभा करावा, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने रेघ मारावी आणि डिपरचा वरचा काठ त्या रेघेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवावेत. टायरची हवा आधी बरोबर करून घ्यावी. आणि दोनचाकी ट्रॉली ओढायची असेल तर ती भरून, हुकाला जोडूनच हे मोजमाप घ्यावं. तिचा भार हुकावर आला की मागची चाकं दबतात, नाक वर उचललं जातं आणि रिकाम्या ट्रॅक्टरवर नीट लावलेला झोत थेट समोरच्याच्या तोंडावर जातो. ट्रॉली सोडल्यावर तोच झोत जरा जवळ पडेल. तेवढं चालतं.